‘इतर खर्च’ म्हणजे कोण?

मुलुंडच्या आमच्या बैठकीला ती उशिरा येते आणि आल्याआल्या भिंतीला टेकून पाय पसरते. एका मोठ्या दुकानात ती दिवसभर उभी असते. पगार कंत्राटदार देतो. पोटऱ्या सुजल्याचं दुकानात सांगितलं, तर ‘कंत्राटदाराशी बोला’.

ती कामाला नाही अशा एका कंपनीचे आकडे देते, कारण ते जाहीर आहेत. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत निघालं. 2014-15 मध्ये विक्री सुमारे 6,400 कोटी होती, 2024-25 मध्ये 59,000 कोटींच्या वर. कर्मचारी-खर्च मात्र तेव्हाही विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आसपास आणि आताही तेवढाच. शंभराच्या बिलामागे दोन रुपये! पण मैत्रिणींनो, ताळेबंद नीट वाचा (एम.एस.डब्ल्यू.ला आम्हांला कुणी शिकवलं नाही). कंत्राटी मजुरी या दोन रुपयांत नाहीच. ती ‘इतर खर्चा’त, वीजबिलाच्या पंगतीला.

केरळात कापडदुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या; 2018 साली तिथे कायदा बदलला, 2021 मध्ये तामिळनाडूतही. आपल्या मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली ती दुकानांतला कामाचा दिवस 9 वरून 10 तास करायला. आपल्यातल्याच काहीजणींना स्टूल हा किरकोळ मुद्दा वाटतो. त्यांनी एक दिवस दहा तास उभं राहून पाहावं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पगारचिठ्ठी आणावी. मालक म्हणून कुणाचं नाव आहे, ते आधी पाहू.