रुपेरी पडदा आणि स्त्री-पुरुष

चित्रपट हा समाजाचा आरसा आहे, असे नेहमी म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नव्हे. परंतु ते अर्धेच खरे आहे. आरसा पाहणाऱ्याचे रूप केवळ दाखवतो. चित्रपट मात्र पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटवतो. नायकासारखे केस ठेवणारी मुले आणि नायिकेसारखा पोशाख करणाऱ्या मुली प्रत्येक पिढीत दिसतात. ही नक्कल चटकन ओळखू येते. परंतु पुरुषाने कसे वागावे आणि स्त्रीने किती सोसावे, यांविषयीच्या कल्पनाही त्याच पडद्यावरून नकळत मनात शिरतात.

या कल्पना निसर्गाने घालून दिलेल्या नाहीत, हे चित्रपटाचा इतिहासच सांगतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. स्त्रीने असे काम करणे त्या काळी निंद्य मानले जाई. अखेर अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. पुढे फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या मायलेकींनी काम करून ती रूढी मोडली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये तीच तारामती दुर्गा खोटे यांनी रंगवली. वीस वर्षांच्या आत हा पालट झाला. स्त्रीचा स्वभाव बदलला नव्हता. लोकांची दृष्टी बदलली होती.

ही दृष्टी बदलण्यात चित्रपटाचाही वाटा असतो. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील नीराचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध विधुराशी लावले जाते. शांता आपटे यांनी रंगवलेली ही नीरा रडत बसत नाही. ती त्याला पती मानण्यास निर्धाराने नकार देते, आणि अखेरीस त्या वृद्धालाच आपला अन्याय उमगतो. याउलट, पुढील काळातील अनेक चित्रपटांत नायक नको म्हणणाऱ्या मुलीचा पिच्छा पुरवतो, आणि शेवटी ती हसून होकार देते. ‘कुंकू’ने नकाराचा मान राखला, या चित्रपटांनी नकाराला लाजरा होकार ठरवले. असे पुनःपुन्हा पाहणाऱ्या मुलाला दुसऱ्याचा छळ हाच पराक्रम वाटू लागला, तर नवल नाही.

पुरुषांनाही या साच्याचा जाच होतोच. २०१० साली प्रदर्शित झालेल्या ‘नटरंग’मधील गुणा हा धिप्पाड मजूर तमाशातील राजा होण्याचे स्वप्न पाहतो, परंतु फड उभा राहावा म्हणून त्याला नाच्याचे सोंग घ्यावे लागते. कलेसाठी त्याने स्वीकारलेल्या हावभावांवरून लोक त्याची क्रूर हेटाळणी करतात. इतर चित्रपटांत बायकी पुरुष केवळ हशा पिकवण्यासाठी येतो. येथे प्रेक्षकाला त्या हशाचीच लाज वाटते.

चित्रपट पाहू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. अन्नाची चव घेताना जीभ जशी खडा ओळखते, तसे मनाने पडद्यावरील खोटे ओळखावे. नायक म्हणून मिरवणारा पुरुष दुसऱ्याचा मान राखतो काय, आणि हशा कोणाच्या दुःखावर पिकतो, हे प्रश्न ज्याला सुचतात, तोच खरा रसिक होय.