कोळंबी म्हणजे सोयाबीन नव्हे

खोल समुद्रातील कोळंबीच्या ट्रॉलिंगवर बंधने नकोत, या मताची सारी भिस्त एका उपमेवर असते: कोळंबी हे वार्षिक पीक आहे. वाशीमच्या रानात सोयाबीन दरवर्षी कापतात, तशी कोळंबीही काढावी; पुढच्या साली ती येतेच.

किनाऱ्याजवळच्या जातींपुरते हे निम्मे खरे आहे. त्यांच्यातील बहुतेक जाती वर्ष-दोन वर्षे जगतात आणि लाखो अंडी पाण्यात सोडतात. आठवडी बाजारात सुकट होऊन येणारा जवळा तर त्याहूनही अल्पायुषी. असे साठे एखाद्या बऱ्या हंगामात सावरतात. मात्र २०० मीटरच्या, म्हणजे साधारण ११० वावांच्या खाली हिशेब पालटतो. केरळात कोल्लमसमोरच्या खंडान्त उतारावर ट्रॉलर जी कोळंबी काढतात, तिच्यातील हेटेरोकार्पसच्या माद्या अंडी पोटाखाली घेऊन वावरतात. स्कॅम्पी, म्हणजे बिळात राहणारा सडपातळ शेवंडाचा भाऊबंद, हाही तसाच. त्याची अंडी लाखांत नव्हे, शेकड्या-हजारांत मोजायची. थंड पाण्यात वाढ मंद. शिवाय सोयाबीनचे बियाणे शेतकऱ्याच्या हाती असते. इथे पेरणारा कोणीच नाही.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आहेच, मग आणखी काय हवे, हा दुसरा आक्षेप. सावकाश वाढणारा साठा दोन महिन्यांत भरून निघत नाही, आणि बंदी उठल्यावर किती ट्रॉलर उतरावेत याबद्दल ती मुकी आहे.

किनाऱ्यावरचा ताण खोल पाण्यात न्यावा, हा युक्तिवाद सर्वांत आकर्षक आणि महाराष्ट्रापुरता सर्वांत दुबळा. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन इतकी रुंद आहे की उतार गाठायला सुमारे ३०० किलोमीटर जावे लागते. एवढे डिझेल जाळून गेलेला नाखवा जाळे अर्धे रिकामे घेऊन परतणार नाही. किनाऱ्याकडे येता-येता तो ते भरणारच.

योग्य वाट ऑस्ट्रेलियाच्या वायव्य उतारावर दिसते. तेथील खोल पाण्यातील स्कॅम्पी आणि कोळंबीच्या ट्रॉलिंगला अवघे सात परवाने आहेत. गर्दी होऊन मग बोटी कमी करण्यापेक्षा परवाने आधी मोजणे स्वस्त पडते, कारण कर्ज काढून बांधलेली बोट कोणी राजीखुशीने किनाऱ्याला बांधत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये स्कॅम्पीची बिळे पाण्याखालच्या कॅमेऱ्याने मोजतात. बिळात बसलेला जीव जाळ्यात येत नाही, म्हणून नुसत्या उताऱ्याच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. परवान्यांची संख्या, जाळ्याच्या टोकाच्या पिशवीची मोठी आस आणि प्रत्येक ओढीची खोलीसह नोंद, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. एक सुटली की उरलेल्या दोन कागदावर राहतात.

महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच पोचतो. उतार त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. त्यामुळे तिथल्या परवान्यांचा आकडा केंद्रालाच ठरवावा लागेल, आणि तोही पहिला ट्रॉलर निघण्यापूर्वी.