यंत्राबरोबर प्रशिक्षणही हवे
वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि चुलीचा धूर नवा नाही. रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या खेड्यात एखाद्या बाईला चालताना धाप लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. विडीला कधी हात न लावणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होतो, हे लक्षातच येत नाही. सुरुवातीला तो स्टेथोस्कोपनेही सहसा कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे छातीभर श्वास घेऊन जोराने फुंकण्याची चाचणी लागते.

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी प्रमाण श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही ०.७० पेक्षा कमी आले, तर सीओपीडीचे निदान पक्के होते. मात्र रुग्णाने फुंकणे मध्येच थांबवले, तर एकूण हवा कमी नोंदली जाते, प्रमाण वाढते आणि आजार लपतो. म्हणूनच नुसती यंत्रखरेदी पुरेशी नाही. यंत्र रोज ३ लिटरच्या सिरिंजने तपासणे, रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून किमान तीन नीट फुंकी घेणे, जुना खोकला असेल तर आधी क्षयरोग तपासणे, हे सारे परिचारिका व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष करवून शिकवले पाहिजे. पुढेही त्यांचे आलेख तज्ज्ञांनी नियमित पाहावेत.

२०१८ मध्ये केंद्राने वाशीमला आकांक्षित जिल्हा ठरवले. प्राथमिक आरोग्य केंद्रातच ही चाचणी बिनचूक झाली, तर त्या बाईची मजुरी बुडणार नाही आणि खोकल्याच्या बाटल्यांत वर्षेही वाया जाणार नाहीत.