वैराचा प्रचार आणि मतदार

विरोधकाच्या धोरणावर आणि कारभारावर टीका हा निवडणूक प्रचाराचा नित्याचा भाग आहे. टीका कितीही तिखट असो, मतदाराच्या पदरात तिच्यातून काहीतरी माहिती पडते. विरोधकाला देशद्रोही ठरवणे किंवा एखाद्या समाजालाच शत्रू म्हणून उभे करणे हा प्रकार मात्र निराळा. पाणी, रस्ते, शाळा, शेतमालाचा भाव यांविषयी त्यातून काहीच कळत नाही; घाबरायचे कोणाला एवढेच कळते.

एकूणच नकारात्मक प्रचाराला कंटाळून लोक मतदानालाच जात नाहीत, असे बराच काळ मानले जाई. अमेरिकेत अन्सोलाबेहियर आणि अय्यंगार या अभ्यासकांनी 1995 मध्ये तसे मांडले. पुढे 2007 मध्ये रिचर्ड लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मतदान घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. शासनावरचा विश्वास मात्र थोडा का होईना, कमी झालेला आढळला. ही गोष्ट अधिक गंभीर आहे. मतदानाची टक्केवारी चांगली भरते. पण त्याच रांगेत उभे राहिलेले काही लोक विरोधी पक्ष जिंकला तर त्याचे सरकार आपले मानायला तयार नसतात. हरणाऱ्यांनी निकाल मान्य केला नाही, तर निवडणुकीला अर्थच उरत नाही.

भारतात 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 123 नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मते मागणे आणि त्यावरून तेढ पसरवणे हा गैरप्रकार ठरतो. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. या कलमाची ताकद आणि मर्यादा दोन्ही मुंबईत विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत दिसल्या. मतदान डिसेंबर 1987 मध्ये झाले. विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांच्यासाठी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या तीन भाषणांवर आक्षेप होता. त्यांतली शेवटची दोन 9 आणि 10 डिसेंबरची, म्हणजे ऐन मतदानाच्या तोंडावरची. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. 1989 मध्ये निवडणूक रद्द झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी ते कायम केले. ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा आदेश निघाला तो 1999 मध्ये. ज्या विधानसभेसाठी ही पोटनिवडणूक झाली, तिची मुदत तोवर केव्हाच संपली होती. उच्च न्यायालयाने अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे हाच कायदा सांगतो.

भाषणाचा परिणाम दुसऱ्या दिवशीपासून सुरू होतो. मोठ्या नेत्याने व्यासपीठावरून जे म्हटले, तेच चावडीवर, सोसायटीच्या बैठकीत आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलायला मुभा मिळते. वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याकडे मग त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते. न्यायालयाच्या निकालाने आमदारकी जाईल. शेजाऱ्यांतला दुरावा त्याने मिटत नाही.

म्हणून उशिरा होणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा वेळीच झालेली छोटी कारवाई अधिक उपयोगी ठरते. आचारसंहिता भंगाच्या तक्रारींवर काय केले, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2019 रोजी विचारताच निवडणूक आयोगाने त्याच दिवशी योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना 72 तास, तर मायावती आणि मनेका गांधी यांना 48 तास प्रचारबंदी केली. बंदी अल्प होती. पण ती निवडणूक चालू असताना आणि एकाहून अधिक पक्षांच्या नेत्यांवर लागू झाली. हे अधिकार आयोगाकडे आहेत. न्यायालयाने विचारेपर्यंत थांबण्याचे त्याला काहीच कारण नाही.