ब्रेकचं निदान गाडीवाल्यानंच करावं

"ब्रेकला घरी हात लावायचा नाही, ते मिस्त्रीचं काम," असं मानणारी माणसं किन्हीराजात आणि सगळ्या मालेगाव तालुक्यात पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर थांबते, ब्रेक बिघडला तर ती थांबतच नाही. अर्धवट माहितीवर ब्रेक खोलणारा समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या कुटुंबाचाही जीव धोक्यात घालतो. इथपर्यंत हा पक्ष मला मान्य आहे. पण त्यातून गावोगाव जो अर्थ काढला जातो तो घातक आहे. ब्रेक हा आपला विषयच नाही, म्हणून मिस्त्रीकडे जाईपर्यंत त्याकडे बघायचंही नाही. मग पेडल खाली जायला लागलं, तरी "दोन पंप मारले का लागते बरोबर" म्हणत सोयाबीनचा अख्खा हंगाम काढला जातो.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. शेलूबाजार–मालेगाव रस्त्यावर समोर अचानक ट्रॅक्टर वळला, तर दुसरा पंप मारायला ते 17 मीटर कुठून आणायचे? दुसऱ्या पंपाला लागणारा ब्रेक बिघडलेलाच असतो. मागच्या ड्रममध्ये लायनर झिजून गॅप वाढलेला असतो, किंवा लाईनमध्ये हवा शिरलेली असते.

मिस्त्रीवर सगळं सोपवणारे एक साधी गोष्ट विसरतात. मिस्त्रीच्या हाती गाडी रिकामी आणि थंड येते. भरलेली, तापलेली गाडी फक्त चालवणाऱ्याला ठाऊक असते. मालासकट तीन टन वजनाची पिकअप पातूरच्या घाटात शंभर मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारे नऊ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता पॅड, डिस्क आणि ड्रमना पचवावी लागते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 3 ऑईल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ठराविक प्रमाणात पाणी शिरलं की ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ऑईल उकळलं की लाईनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. गाडी निवली की वाफेचं पुन्हा ऑईल होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पेडल घट्ट लागतं, मिस्त्री म्हणतो "काही नाही, ठीक आहे", आणि तो खोटं बोलत नसतो. काल घाटात काय झालं हे त्याला चालकानंच सांगायला हवं. त्यासाठी चालकाला लक्षणं ओळखता आली पाहिजेत.

ती ओळखायला यंत्र लागत नाही. पेडलवर पाय रोवून मिनिटभर दाब धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू बघा. कुठे ओल नसेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांवर घ्यावा. पेडल दगडासारखं कडक झालं की अनेकजण पॅड बदलतात आणि पैसे वाया घालवतात. आधी बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल दाबा, मग दाबलेलं धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर दोष बूस्टर, त्याचा पाईप किंवा व्हॅक्यूम पंप यांत शोधावा. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी ही चाचणी एकदा तरी करावीच. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते, हे त्यांना पायालाच कळेल.

एक दोष तर मालक स्वतःच घडवून आणतात. जास्त माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटे चढवले जातात. काही पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व असतो. मागचा भाग किती दबला, यावरून तो मागच्या ब्रेकना किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्वला ती रिकामीच भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतो. अशा गाडीला पुढचे पॅड लवकर संपतात म्हणून पॅडच्या कंपनीला दोष देणं व्यर्थ आहे.

"पासिंग झालंय ना" हा युक्तिवादही टिकत नाही. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पॅड आणि लायनर त्या तारखांची वाट बघत नाहीत.

आता दुसरा पक्ष. मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळंच अंगणात खोलायला निघालेल्यांना माझा तितकाच विरोध आहे. गळणाऱ्या चाकाची लाईन ठोकून बंद करायची आणि तीन चाकांवर माल पोचवायचा, याला जुगाड म्हणून कौतुक मिळतं. हा गुन्हा आहे. जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाते. ऑईल कमी दिसलं की इंजिन ऑईल ओतणं त्याहून वाईट, कारण त्यानं ब्रेकची रबरं फुगतात. मग एखादं रबर बदलून भागत नाही, सगळी लाईन धुऊन रबरं नवी घालावी लागतात. मास्टर सिलिंडर, बूस्टर, एलएसपीव्हीचं सेटिंग आणि डिस्कचं लेथकाम अंगणात करू नये.

पॅड बदलणं, ड्रम साफ करून गॅप लावणं, ऑईल बदलून एअर काढणं ही कामं मात्र जाणत्या माणसानं घरी जरूर करावीत. गाडी सपाट जागी घ्यावी, चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नये. ड्रममधली भुकटी तोंडानं किंवा हवेनं उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसावी. पॅड किंवा लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एअर काढायला पेडलवर एक आणि निपलवर एक अशी दोन माणसं हवीत. टाकीतलं ऑईल मध्येच संपू देऊ नये आणि सीलबंद बाटलीच फोडावी. पावसाळाभर अर्धी उघडी पडलेली बाटली फेकून द्यावी.

काम झालं की इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून धरा आणि कुठे ओल येते का ते घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. मग रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगानं आणि नंतर थोड्या जास्त वेगानं गाडी थांबवून बघा. ती सरळ रेषेत आणि पहिल्याच दाबाला थांबली, तरच पोती भरा.