फुटलेला तारा आणि आपली ब्रँच

"अॅस्ट्रॉनॉमी फिजिक्सवाल्यांची, आपण प्लेसमेंटचं बघू," असं होस्टेलवर नेहमी ऐकतो. मला हे पटत नाही. शर्मिष्ठा तारकासमूहातला 'कॅसिओपिया-ए' हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. त्यातला वायू कोट्यवधी अंश तापलेला, म्हणून क्ष-किरणांत झळकतो. वातावरण हे किरण अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. साध्या आरशावर समोरून पडले तर ते त्यातच जिरतात. चपट्या दगडाने पाण्यावर भाकऱ्या काढाव्यात तसे तिरपे पडले तरच उसळतात. म्हणून १९९९ साली सोडलेल्या 'चंद्रा'चे आरसे नळीसारखे, अतिशय गुळगुळीत. त्यामुळेच त्या अवशेषात सिलिकॉन कुठे, लोखंड कुठे ते कळलं. २०१५ च्या अॅस्ट्रोसॅटवरच्या अशाच दुर्बिणीचे आरसे मुंबईत, टीआयएफआरमध्ये घडले. तेव्हा मित्रहो, वर्कशॉपच्या जॉबला नाकं मुरडू नका. आरसा घडवणारे हात नसतील, तर फिजिक्सवाले बघणार कशातून?