गृहशाळा: ख्रिस्ती कुटुंबांचा प्रयोग, त्याची घडी आणि त्याच्या मर्यादा

२७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँड राज्यातील काही पालकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या श्रद्धेशी न जुळणारी काही कथापुस्तके वर्गात वाचली जात असताना मुलांना बाहेर ठेवण्याची मुभा मिळावी, एवढीच या पालकांची मागणी होती. त्यांत मुसलमान होते, कॅथोलिक होते आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही होते. खटल्याचा अंतिम निवाडा होईपर्यंत ही मुभा द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. निकाल सरकारी शाळांविषयीचा असला तरी त्यामागील प्रश्न जुना आहे. मुलाच्या जडणघडणीवर पहिला अधिकार कोणाचा, आईवडिलांचा की शासनाचा?

अमेरिकेत या प्रश्नाचे ठळक उत्तर मिळाले ते धर्मभगिनींच्या एका संस्थेमुळे. १९२२ साली ओरेगन राज्यातील मतदारांनी असा कायदा संमत केला, की ८ ते १६ वर्षे वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कायद्याचा रोख कॅथोलिक शाळांवर होता आणि त्याच्या पाठीराख्यांत कू क्लक्स क्लान ही संघटनाही होती. ‘सिस्टर्स ऑफ द होली नेम्स ऑफ जीझस अँड मेरी’ या संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला. पुढे १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील आमिश पंथाच्या पालकांनाही, आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा हक्क याच न्यायालयाने मान्य केला. आज आपल्या मुलांना घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबे या दोन निकालांचा आधार घेतात. शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी जिंकलेला खटला शाळेत न जाणाऱ्यांच्या कामी यावा, हा इतिहासाचा एक गमतीदार वळसा म्हणावा लागेल.

‘होमस्कूलिंग’ अर्थात गृहशाळा ही चळवळ मुळात ख्रिस्ती नव्हती. जॉन होल्ट या शिक्षणतज्ज्ञाने १९७७ साली या विषयावरील नियतकालिक सुरू केले, ते शाळांच्या साचेबंदपणाला कंटाळून. १९८० च्या दशकात इव्हँजेलिकल कुटुंबे मोठ्या संख्येने या वाटेला आली आणि १९८३ साली त्यांच्या पुढाऱ्यांनी कायदेशीर बचावासाठी संघटना उभारली. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशाळा कायदेशीर झाली होती. अमेरिकन शासनाच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ मध्ये हा आकडा पावणेअठरा लाखांच्या आसपास पोहोचला. मग कोरोना आला. तेथील जनगणना विभागाच्या पाहणीत शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी गृहशाळा चालवणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंत ऋतूत ५.४ टक्के होते, ते त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ११.१ टक्के झाले. कृष्णवर्णीय कुटुंबांत तर ते ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेले. तेव्हा गृहशाळा म्हणजे काही कडव्या धार्मिक गोऱ्या कुटुंबांचे खूळ, हे जुने चित्र आता खरे राहिलेले नाही.

कॅथोलिक कुटुंबांचा या वाटेवरचा प्रवास थोडा वेगळा आहे. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी, असा आग्रह धरला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील कॅथोलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक विद्यार्थी होते. आज ती संख्या सतरा लाखांच्या घरात आहे. धर्मभगिनींची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि चार-पाच मुले असलेल्या घराला धर्मग्रामाची शाळा परवडेनाशी झाली. या पार्श्वभूमीवर १९८० साली व्हर्जिनियात ‘सेटन होम स्टडी स्कूल’ आणि कॅलिफोर्नियात ‘कोल्बे अकॅडमी’ सुरू झाली. पुढे ‘मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस’ ही शास्त्रीय पद्धतीची संस्थाही आली. पाठ्यपुस्तके, आठवडानिहाय पाठांचे नियोजन, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि गुणपत्रक अशी शिदोरी या संस्था कुटुंबांना पुरवतात. सर्वांत लहान मुलांच्या धर्मशिक्षणासाठी अनेक घरे ‘कॅटेकेसिस ऑफ द गुड शेफर्ड’ या पद्धतीचा आधार घेतात. सोफिया काव्हालेत्ती आणि जिआन्ना गोब्बी यांनी १९५४ पासून रोममध्ये माँटेसरी तत्त्वांवर ती विकसित केली.

ख्रिस्तसभेचे याबाबत म्हणणे काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात पालकांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फामिलियारिस कॉन्सोर्तिओ’ या पत्रात सांगितले, की हा अधिकार पालकांनी संपूर्णपणे दुसऱ्यावर सोपवू नये आणि इतरांनीही तो बळकावू नये. परंतु त्याच पत्रात पुढे हेही म्हटले आहे, की कुटुंब हा शिक्षण देणारा पहिला समाज असला तरी एकमेव नव्हे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ७९८ वे कलम पालकांना मुले कॅथोलिक शाळेत घालण्यास सांगते आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर योग्य कॅथोलिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकते. गृहशाळेचे समर्थक पहिले वाक्य मोठ्याने वाचतात आणि दुसरे हळू आवाजात. वास्तविक दोन्ही एकत्र वाचल्यावरच अर्थ लागतो: ख्रिस्तसभा गृहशाळा मान्य करते, पण समाजापासून तुटलेले घर तिला अभिप्रेत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात या कुटुंबांचे यशापयश पाठ्यक्रमापेक्षा घडीवर अवलंबून असते. नव्याने सुरुवात करणाऱ्या अनेक आया घरात फळा, घंटा आणि तासिका आणतात व काही महिन्यांत दमून जातात. पाच ते तेरा वर्षांची चार मुले आणि प्रत्येकाचे सहा विषय, म्हणजे दिवसाला चोवीस तास झाले! त्यावर अनुभवी घरांनी शोधलेला उपाय साधा आहे. विषयांचे दोन गट करायचे. धर्मशिक्षण, इतिहास, विज्ञान आणि गोष्टींचे वाचन सर्वांना एकत्र. गणित, वाचन आणि लेखन ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. सकाळी प्रार्थना, त्या दिवसाच्या संतांची ओळख, श्रद्धाग्रंथातील एखादा प्रश्न आणि मोठ्याने वाचलेले एक प्रकरण. मग आई एकेका मुलाला गणितासाठी जवळ घेते, थोरला स्वतः अभ्यास करतो आणि मधली धाकट्याला खेळवते. वर्गातील हजेरी, रांगा आणि शांतता राखण्याचा वेळ येथे वाचत असल्याने प्राथमिक वयाच्या मुलांना रोज दोन-तीन तास पुरतात. दुपार बागेला, संगीताला आणि घरकामाला मोकळी राहते.

वर्षाची आखणीही विचारपूर्वक करावी लागते. सहा आठवडे अभ्यास व एक आठवडा विसावा, अशी सहा आवर्तने केली की छत्तीस आठवडे भरतात. अनेक कॅथोलिक घरे ही आवर्तने उपासना वर्षाशी जुळवून घेतात: आगमन काळात पुस्तके कमी, नाताळच्या तयारीत हातकाम अधिक, पवित्र आठवड्यात शाळा बंद. छत्तीस आठवड्यांत बत्तीस आठवड्यांचेच काम आखणारी आई शहाणी. आजारपण, पाहुणे आणि नवे बाळ यांना उरलेले चार आठवडे लागतातच. रविवारी सायंकाळी पुढील आठवड्याचे काम प्रत्येक मुलाच्या फाईलमध्ये लावून ठेवायचे, म्हणजे सोमवारी सकाळी शोधाशोध नको. दुसरी एक कायमची फाईल असते. त्यात वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रत्येक विषयातील निवडक काम आणि हजेरी ठेवतात. नववीपासून गुणांची नोंदही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर हे टाळताच येत नाही. तेथे दरवर्षी लेखी सूचना, शिक्षणाचा आराखडा, तिमाही अहवाल आणि प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला नऊशे तासांची नोंद द्यावी लागते. टेक्सासमध्ये मात्र शासनाला कळवण्याचेही बंधन नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सहकार गट. आठवड्यातून एक दिवस दहा-पंधरा कुटुंबे धर्मग्रामाच्या सभागृहात जमतात. एक बाप रसायनशास्त्राचे प्रयोग दाखवतो, कोणी गायनवृंद घेते, कोणी लॅटिन शिकवते, कोणी नाटक बसवते. साफसफाई पाळीपाळीने. २००२ च्या बिशपांच्या बालसंरक्षण सनदेनंतर धर्मग्रामात मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासली जाते व त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागते. चांगले गट हा नियम कटकट न मानता पाळतात. जेथे असा गट नसतो तेथे सारा भार एकट्या आईवर येतो. एकाच मिळकतीवर चालणारे घर, दिवसभर मुलांचा गराडा आणि संध्याकाळी थकून आलेला पती! वडिलांनी आठवड्यातील निदान एक विषय आपल्या अंगावर घेतल्याशिवाय ही गाडी लांब जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एका कटू विषयाकडे वळावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. सतरा वर्षांची एक मुलगी पळून गेली आणि तिने पोलिसांना कळवले, म्हणून. उपाशी ठेवलेली, साखळीने बांधलेली ही मुले सरकारदरबारी शाळेत होती, कारण ते घरच खाजगी शाळा म्हणून नोंदवलेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीचा छळाने मृत्यू झाला. त्यापूर्वी काही महिने तिला घरी शिकवण्याच्या नावाखाली शाळेतून काढण्यात आले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलेल्या विधेयकात शाळेबाहेरील मुलांच्या नोंदणीची तरतूद आली, त्यामागे अशा घटनांची सल आहे. अनेक ख्रिस्ती संघटना अशा नोंदणीला विरोध करतात. त्यांची भीती निराधार नाही. जर्मनीत गृहशाळेला जवळजवळ पूर्ण बंदी आहे आणि १० जानेवारी २०१९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाची तक्रार फेटाळली. नोंदणी ही बंदीची पहिली पायरी ठरेल, असे पालकांना वाटते. तरीही नाव नोंदवणे आणि वर्षातून एकदा मुलाला कोणा बाहेरच्या जबाबदार व्यक्तीने भेटणे, यात प्रामाणिक कुटुंबाचे काय बिघडते? शाळा मुलाला शिकवते, पण रोज त्याच्याकडे पाहणारे चार डोळेही देते. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ते डोळे धर्मग्रामाने आणि शेजाराने द्यावे लागतात. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पालकांना सावध केले होते, की मुलाच्या प्रत्येक क्षणावर ताबा ठेवण्याचा ध्यास म्हणजे शिक्षण नव्हे.

आपल्यातील अनेकांचे आप्त आज कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष येतो. ऑन्टारियोत गृहशाळेसाठी पालकांनी शाळामंडळाला दरवर्षी लेखी कळवणे सामान्यतः पुरेसे असते. मात्र त्या प्रांतात कॅथोलिक शाळा शासकीय खर्चाने चालतात, हेही विसरू नये. अमेरिकन कुटुंबाची आर्थिक अडचण तेथे उद्भवत नाही. जेथे गृहशाळा निवडली जाईल तेथे आधी धर्मगुरूंना भेटावे. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी घरी करून घेतलेल्या मुलाला काही धर्मप्रांत धर्मग्रामाच्या वर्गालाही बसायला सांगतात आणि यावरून ऐनवेळी वाद होतात. कॅनन कायद्याच्या ९१४ व्या कलमाने ही तयारी पालक आणि धर्मगुरू या दोघांचेही कर्तव्य ठरवली आहे, तेव्हा संवाद लवकर झालेला बरा.

आणि ज्यांची मुले शाळेत जातात त्यांचे काय? विरारहून लोकलने ये-जा करणाऱ्या आईबापांना गृहशाळा जमणार नाही, आणि जमवण्याची गरजही नाही. आपल्याकडे गावोगावी धर्मभगिनींनी व धर्मगुरूंनी उभारलेल्या शाळा आहेत. परंतु अक्षरे शाळेवर, धर्मशिक्षण रविवारच्या वर्गावर आणि उरलेला वेळ मोबाईलवर सोपवण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्यावर गृहशाळेतील एक गोष्ट उतारा ठरू शकते: सर्व वयाच्या मुलांना एकत्र बसवून रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचणे. रात्रीच्या रोझरीनंतर बायबलमधील एखादा उतारा, संतचरित्र किंवा साधी गोष्ट. याला पैसा लागत नाही.

भारतात हा मार्ग निवडणाऱ्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते, पण तसे न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. गृहशाळेचा उल्लेख त्या कायद्यात कोठेच नाही. त्यामुळे ती चालते, पण संदिग्धतेत. प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, राज्य मंडळाचा सर्वांच्या परिचयाचा सतरा नंबरचा फॉर्म किंवा केंब्रिजसारख्या मंडळाची खाजगी परीक्षा, असे पर्याय आहेत. २०१६ साली घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या जोरावर अमेरिकेतील एमआयटीने प्रवेश दिला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार मात्र तिच्यासाठी बंद होते. म्हणून मूल अकरा-बारा वर्षांचे असतानाच कोणती परीक्षा द्यायची ते ठरवावे, नोंदणीच्या तारखा व वयाची अट पाहून ठेवावी, आणि शाळा सोडल्याचा दाखला व जन्माचा दाखला जपून ठेवावा. फॉर्म भरताना सर्वप्रथम तेच मागितले जातात.